वर्षावास संपला, चला, डोंगराकडे!

आश्विन पौर्णिमा झाली. आषाढ पौर्णिमेपासून गावोगावच्या विहारांत रोज संध्याकाळी चाललेले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन पूर्ण झाले, समारोपाची खीर वाटून झाली आणि तीन महिने गजबजलेला विहार थोडा मोकळा वाटू लागला. मुलांना सुट्ट्या लागल्या. पाऊस उघडला, पण डोंगरावरचे गवत अजून पुरते पिवळे पडलेले नाही. ओढ्यांना पाणी आहे, बाजारात सीताफळे आली आहेत. घराबाहेर पडायला वर्षातले याहून चांगले दिवस नाहीत.

वर्षावासाचा नियम कसा झाला हे आपल्यापैकी बहुतेकांनी विहारात ऐकले असेल. भर पावसाळ्यातही भिक्खू हिंडतात, कोवळी पिके आणि गवत तुडवतात, लहानसहान जीव पायाखाली मरतात, अशी लोकांची तक्रार आली. म्हणून तीन महिने एका जागी राहायचे, शेवटी पवारणेच्या दिवशी संघासमोर 'माझे काही चुकले असेल तर सांगा' अशी विनंती करायची आणि पुन्हा चारिकेला निघायचे, असे ठरले. म्हणजे पाऊस संपल्यावर पायी निघायचे ही रीत आपल्याकडे अडीच हजार वर्षांची आहे. सहलीचा हंगाम कोणता, हे विचारायला आपल्याला पर्यटन कंपनीच्या दारात जाण्याची गरज नाही.

तरीही आपली किती कुटुंबे सहलीला जातात? आपल्या समाजाने प्रवास पुष्कळ केला. दरवर्षी नांदेड-लातूरकडून हजारो माणसे दीक्षाभूमीला जातात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात, १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. डब्यात उभे राहून, उघड्यावर झोपून, शिदोरी पाठीशी बांधून जातात. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची सर दुसऱ्या कशाला येणार नाही. परंतु तो प्रवास अभिवादनाचा आहे, समूहाचा आहे. आईबाप, आजी आणि लेकरे एखाद्या डोंगरावर चढली, दगडावर बसून भाकरी खाल्ली, खाली पसरलेले रान पाहिले आणि संध्याकाळी घरी आली, असा प्रवास आपल्या घरांत अजून नवा आहे. 'पैसे खर्चून डोंगर काय बघायचा?' हा प्रश्न अजून विचारला जातो. त्याचे कारण कंजूषपणात नाही, आपल्या इतिहासात आहे. डोंगर आपल्या माणसांच्या ओळखीचाच होता. पण तो सरपणाचा, गुरांचा, खडीचा डोंगर होता. तिथे बसून नुसते बघण्याचा वेळ आणि हक्क कोणाला होता?

आपल्याकडची 'बेटे'

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत सह्याद्रीसारखे कडे नाहीत. बालाघाटच्या रांगा इथे येईपर्यंत थकून बसल्यासारख्या ठेंगण्या होतात. मैलोगणती सपाट काळे रान आणि मध्येच एखादा एकटा डोंगर. अशा सुट्या डोंगराला आपल्याकडे 'बेट' म्हणतात. पाण्यातले नव्हे, रानातले बेट! उदगीरजवळ देवर्जनचे हत्तीबेट आहे. तिथे खडकात कोरलेल्या गुहा आहेत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांशी झालेल्या लढ्यामुळेही ते नाव लोकांच्या तोंडी आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे. औषधी वनस्पतींसाठी ते प्रसिद्ध आहे. विज्ञान शिकवणारे एखादे गुरुजी बरोबर असतील तर त्या एका डोंगरावर मुलांचा दिवस जातो.

आम्ही काही कुटुंबांनी मिळून सुरुवात केली ती खरोशापासून. खरोसा हे औसा तालुक्यातले गाव, लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. गावालगत लहानसा डोंगर आणि त्याच्या पोटात लेणी. ही लेणी सहाव्या शतकातली मानली जातात. जेम्स बर्जेस या इंग्रज पुरातत्त्व अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात त्यांची पाहणी करून ठेवली आहे. अजिंठा-वेरूळच्या काळ्या कातळासारखा हा दगड नाही. हा जांभा, तांबूस आणि भोकाभोकांचा. त्यामुळे मूर्तींचे नाकडोळे झिजून गेले आहेत आणि नुसत्या बघण्याने ओळख पटत नाही; थोडा वेळ उभे राहावे लागते.

चढण फार नाही, पण उन्हाची आहे. आमच्यात एक आजी होत्या, पंचाहत्तरीच्या. त्यांचे माहेर त्याच भागातले. नातू म्हणाला, "आज्जे, दमलीस का?" तर म्हणाल्या, "दमंल कशाला? डोक्यावर मोळी कुठं हाय?" लहानपणी असल्याच डोंगरावरून सरपण आणायच्या आणि १९७२ च्या दुष्काळात असल्याच डोंगराच्या पायथ्याला खडी फोडायच्या. अर्ध्या चढणीवर त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला, चुंबळ सावरायला गेल्यासारखा. त्यांचे त्यांनाच हसू आले. इतक्या वर्षांत डोंगरावरून रिकाम्या डोक्याने उतरण्याची ती त्यांची पहिली वेळ होती.

लेण्यात मात्र आम्हा शिकलेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त दिसले. आम्ही मूर्ती कोणाची यावर वाद घालत होतो. आजी भिंतीवरून हात फिरवून छिन्नीचे घाव बघत होत्या. म्हणाल्या, "वरून खाली आल्यात हे लोक. आधी छत, मग भुई." अगदी बरोबर! डोंगर कोरून केलेली लेणी साधारणपणे छतापासून खाली खोदत आणतात, म्हणजे उंच पराती बांधाव्या लागत नाहीत. अजिंठ्याचे अर्धवट राहिलेले २४ क्रमांकाचे लेणे पाहिले की ही पद्धत टप्प्याटप्प्याने समजते. पुस्तकात आम्ही हे वाचले होते. आजींना ते घण मारलेल्या हातांनी कळले.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. खरोशाची सगळी लेणी बौद्ध नाहीत. पहिल्या लेण्यातली बैठी मूर्ती बुद्धाची म्हणून जिल्ह्याच्या माहितीत नोंदली आहे. इतर लेण्यांत शिव-पार्वती, नरसिंह, कार्तिकेय, रावण आहेत. आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते दिसेल त्या गुहेला बौद्ध लेणे म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्रातल्या कितीतरी खऱ्या बौद्ध लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात आणि एका रात्रीत पांडवांनी ती कोरली अशी कथा सांगतात. नाशिकचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ती चूक आपल्याला खटकते, मग तीच उलट बाजूने आपण का करावी? मुलांना मूर्तीसमोर उभे करा आणि विचारा: हात कसे आहेत? आसन कोणते? बाजूला कोण आहे? डोक्यावर काय आहे? स्वतः पाहून ठरवायला शिकवणे, हाच तर कालामसुत्ताचा धडा.

पायवाट जुनीच आहे

एका दिवसाची सवय झाली की चार दिवसांचा बेत करता येतो, आणि मग वाट आपोआप पैठण-संभाजीनगरकडे वळते. ती वाट आपल्यासाठी नवी नाही. नांदेडकरांना अर्धापूर तालुक्यातल्या दाभडचे महाविहार बावरीनगर माहीत आहे. पौष पौर्णिमेला तिथे धम्म परिषद भरते. तो बावरी कोण? सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात त्याची कथा आहे. कोसल देशातून दक्षिणेत येऊन अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी राहिलेला हा विद्वान ब्राह्मण. बुद्ध झाला आहे हे कळल्यावर त्याने आपले सोळा शिष्य प्रश्न विचारायला पाठवले. अजित, पुण्णक, धोतक, मोघराज, पिंगिय अशी त्यांची नावे. ते पैठणवरून निघाले, महिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, सावत्थी करीत थेट राजगृहाकडे गेले आणि पाषाणक चैत्याच्या डोंगरावर त्यांना भगवंत भेटले. सारा प्रवास पायी. पिंगिय तर वयोवृद्ध होता. तो परत आला आणि गोदावरीकाठी वाट पाहणाऱ्या आपल्या आचार्याला त्याने पाहिले-ऐकले ते सांगितले.

गोदाकाठची माणसे प्रश्न घेऊन इतक्या दूर चालत गेली, ही गोष्ट मुलांना कोणत्याही चमत्काराच्या कथेपेक्षा जास्त आवडते, असा आमचा अनुभव आहे. नकाशा पुढे ठेवा आणि बोट फिरवून दाखवा. पैठणवरून उत्तरेला जायचे तर सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर ओलांडावे लागतात, आणि नेमकी त्याच डोंगरांच्या घाटांजवळ पितळखोरा आणि अजिंठ्याची लेणी आहेत. व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेने जात, त्याच वाटेवर भिक्खूंनी पावसाळ्याचा निवारा शोधला. लेणी एकांतात आहेत, पण रस्त्यापासून तुटलेली नाहीत.

१९३४ ची सहल

नांदेडहून रेल्वेने चार-साडेचार तासांत छत्रपती संभाजीनगर येते. वेरूळला जाताना वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. सुळक्यासारखा डोंगर, चहूबाजूंनी तासलेला कडा, खंदक, चांद मिनार, भर दिवसा डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही अशी अंधारी, आणि वर बारादरी. मुलांना तर हा किल्ला लेण्यांपेक्षा जास्त आवडतो, हे मान्य केले पाहिजे. पण आम्ही आत शिरण्यापूर्वी दाराबाहेर दगडावर बसतो आणि एक प्रकरण मोठ्याने वाचतो. दहा मिनिटे लागतात.

ते प्रकरण बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींतले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी ठरवले, आपण सगळे मिळून प्रेक्षणीय स्थळे पाहायला जाऊ. बाबासाहेबांनीही होकार दिला आणि वेरूळची बौद्ध लेणी काही झाले तरी पाहायचीच, असे ठरले. वाचकहो, हे ध्यानात घ्या: सभा नव्हती, सत्याग्रह नव्हता, ही सहल होती! सुमारे तीस माणसे. ते निजामाच्या राज्यात येणार होते, म्हणजे ज्या राज्यात तेव्हा आपले नांदेड, लातूर, औसा, उदगीरही होते. खेड्यापाड्यांतून जाताना अपमान नको म्हणून आपण कोण हे न सांगता साधे प्रवासी म्हणून हिंडायचे, असे त्यांनी ठरवले होते. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बोललेला नेता, आणि सहलीला जाताना त्याला ओळख लपवावी लागते.

दौलताबादला आपली माणसे वाट पाहत उभी होती. आधी चहा घ्या, म्हणाली. अंधार पडण्यापूर्वी किल्ला पाहून व्हावा म्हणून मंडळींनी चहा परतीवर ठेवला. रमजानचा महिना होता. दाराबाहेर पाण्याने भरलेले छोटे तळे होते. प्रवासाच्या धुळीने तोंडे माखलेली. काही जणांनी तळ्यावर हातपाय-तोंड धुतले. दारावरच्या शिपायांशी आत जाण्याच्या परवानगीचे बोलणे चालू होते, तेवढ्यात मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, यांनी तळे बाटवले. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. आम्ही बाहेरचे, इथला नियम आम्हाला ठाऊक नाही, असे सांगितल्यावर लोकांचा राग गावातल्या आपल्या माणसांवर वळला: तुम्ही यांना का सांगितले नाही? शेवटी बाबासाहेबांचा संयम सुटला. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल काय, असे त्यांनी विचारले. गर्दी गप्प झाली. किल्ला पाहायला मिळाला. मात्र आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. ते शिवत नाहीत ना हे पाहायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. अस्पृश्यता एकाच धर्माच्या माणसांपुरती उरलेली नाही, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला. तो वाचून कोणत्या समाजाचा द्वेष शिकवायचा नाही. मुलांना एवढेच कळावे की जो किल्ला ती आज पळत पळत चढतात, तो चढताना त्यांच्या बाबासाहेबांच्या मागे बंदूक घेतलेला शिपाई चालत होता. एका मुलीने वाचन संपल्यावर विचारले, "मग त्यांना तहान लागली तेव्हा काय केलं?" पुस्तकात ते लिहिलेले नाही. ती वर जाईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

खाली उतरून पाहायची लेणी

संभाजीनगरात असाल तर एक सकाळ औरंगाबाद लेण्यांना द्या. अजिंठा-वेरूळच्या नावापुढे ही लेणी झाकली जातात. नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आधी पाहा. नांदेड-लातूरकडची किती पोरे तिथल्या वसतिगृहात राहून माणसांत आली, याचा हिशेब नाही. तिथून विद्यापीठ. त्या दारावर १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव लागले आणि त्यासाठी नांदेड जिल्ह्याने पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारखी माणसे गमावली. विद्यापीठामागच्या डोंगरात लेणी आहेत, एकूण बारा. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून हात जोडलेली स्त्री-पुरुषांची रांग दगडात कोरली आहे. केशरचना, दागिने, चेहरे प्रत्येकाचे वेगळे. ते देव नाहीत, राजेही असतील असे नाही. विहारात आपण बसतो तशी बसलेली माणसे. आमच्यातल्या बायकांचा पाय तिथून निघत नव्हता. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या बाजूला संकटात सापडलेले प्रवासी दाखवले आहेत: आग, चोर, हत्ती, साप, बुडणारे जहाज. प्रवास तेव्हा किती धोक्याचा होता ते एका भिंतीवर दिसते.

पितळखोरा मात्र ज्याच्या पायात बळ आहे त्याने पाहावे. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या जंगलात, सातमाळ्याच्या दरीत ही लेणी आहेत. वरच्या पठारावर गाडी उभी करायची आणि पायऱ्यांनी दरीत उतरायचे. ऑक्टोबरात ओढा वाहता असतो, कड्यावरून पाण्याची धार पडते, हिरवाई डोळ्यांत मावत नाही. लेणी चौदा, त्यांतली सर्वात जुनी इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातली. दगड ठिसूळ असल्याने पुढच्या भिंती पुष्कळ ढासळल्या आहेत, पण हत्तींची रांग अजून उभी आहे. आणि खांबांवरचे शिलालेख! एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तरे-सुगंध विकणाऱ्याने दिला. राजवैद्य मगिलाच्या घरातल्यांची नावे आहेत. इथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती कण्हदास सोनाराने घडवली असे कोरले आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लेणी म्हटले की आपण लगेच कोणत्या राजाने कोरली ते विचारतो. पितळखोऱ्याचे उत्तर वेगळे आहे: वर्गणी काढून. विहाराच्या बांधकामाला पावती फाडणाऱ्या आपल्या उपासकांना हे सांगायलाच हवे.

अजिंठ्याबद्दल सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. गर्दीच्या वाटेने न जाता लेणापूरकडच्या व्ह्यू पॉइंटवर जा. वाघोरा नदीचा घोड्याच्या नालेसारखा वळसा आणि त्या कड्यात कोरलेली सगळी लेणी तिथून एका नजरेत दिसतात. तिथून पायवाटेने खाली उतरून, नदीवरचा पूल ओलांडून लेण्यांत जाता येते. चढण्यापेक्षा हे बरे. शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला एप्रिल १८१९ मध्ये दहावे लेणे दिसले ते समोरच्या याच बाजूने. त्याने काय केले? आत जाऊन चित्र असलेल्या खांबावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. आपल्या पोरांना तो खांब जरूर दाखवा आणि सांगा, साहेब असला तरी हे वागणे अडाण्याचे.

निघण्यापूर्वी

हा लेख सगळ्यांसाठी नाही, याची आम्हाला जाणीव आहे. ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे सोयाबीनची सुगी. ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यांना सुट्टी हा शब्दच परका. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांची लेकरे डोंगर बघतात ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून. म्हणूनच सहल घरापुरती न ठेवता विहाराची करावी, असे आम्ही सुचवतो. वर्गणीत दोन-चार जागा टोळीवर गेलेल्यांच्या, मागे आजीजवळ राहिलेल्या मुलांसाठी ठेवाव्यात. खर्चाचा फार बाऊ करू नये. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, २०२२ पासून मोफत प्रवास मिळाला. आमच्या आजी तर तिकिटाचे पैसे वाचले म्हणून खरोशाला दोनदा येऊन गेल्या!

जेवणाचे म्हणाल तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पण धपाटे थापणार कोण? सहलीच्या आदल्या रात्री बारापर्यंत आणि पहाटे चारपासून घरातली बाई चुलीपाशी, आणि डोंगरावर तीच सगळ्यांना वाढते; मग सहल झाली कोणाची? आमच्यात आदल्या रात्रीचे धपाटे पुरुषांनी थापायचे असा नियम केला आहे. आकार महाराष्ट्राच्या नकाशासारखा येतो, पण भुकेला चालतो.

प्रत्येकाजवळ स्वतःची दोन लिटर पाण्याची बाटली हवी. ऑक्टोबरचे ऊन पावसाळ्यानंतर अंगाला झोंबते. अकराच्या आत चढण संपवावी. लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, चपला नकोत, बूट हवेत. कड्यांना आग्या मोहोळ असते. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये. लेण्यात अगरबत्ती-मेणबत्ती पेटवू नका. काजळीने चित्रे मरतात आणि मोहोळ उठले तर पळायला वाट नसते. त्रिसरण-पंचशील हळू आवाजात म्हणा, ते पुरे आहे. भिंतीला हात लावू नका. (आजींना आम्ही खरोशात अडवले नाही, पण अजिंठ्यात अडवले, आणि त्या रागावल्या.)

ज्यांना एकच दिवस आहे त्या नांदेडकरांनी किनवटकडे जावे. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा या दिवसांत काळ्या खडकातून अनेक धारांनी कोसळत असतो. मात्र वर इसापूरचे धरण आहे आणि पाणी सोडले की पात्र भरते, म्हणून मुलांना खडकावर उतरू देऊ नये. पुढे माहूरच्या डोंगरात राष्ट्रकूटकाळातली मानली जाणारी लेणी आणि रामगडचा किल्ला आहे. सागाच्या जंगलातून जाणारा तो रस्ताच पाहण्यासारखा. लातूरकरांना खरोसा किंवा हत्तीबेट. आणि लांब जाणार असाल तर निघण्यापूर्वी वार बघा: अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.